‘घरी गेले’ या सदराबद्दल

मंडळी म्हटलं की गावात लोकांना बायको आठवते. आम्हाला देवळातली माणसं आठवतात. रविवारी दगडी देवळात जमणारी, सणाला एका पंगतीत जेवणारी, एकमेकांच्या मयताला खांदा देणारी आणि एरवी वर्षभर एकमेकांवर रुसून बसणारी जी ख्रिस्ती घरं आमच्या तालुक्याच्या गावात आहेत, ती आमची मंडळी. आणि देऊळ हाच आमचा शब्द. चर्च म्हणतात ते पाचगणीच्या शाळांमधले लोक. ते इंग्रजीत प्रार्थना करतात आणि त्यांचं छत गळत नाही.

या मंडळीची मी चिटणीस. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळं कुणाच्याही हातातला कागद दिसला की आधी ऱ्हस्व-दीर्घ बघायची खोड आहे. नोकरीत असतानाच, ही खोड वाया जाऊ नये म्हणून असेल, पण तेव्हाच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, वार्तापत्राचं काम माझ्या गळ्यात घातलं. चार पानांचं, तीन महिन्यांनी निघणारं. आधी स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइल, मग झेरॉक्स, आता व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. तरी म्हाताऱ्यांसाठी दहा प्रती कागदावर काढतेच, कारण त्यांना वार्तापत्र उशाखाली ठेवायचं असतं.

त्यात काय असतं? जे वर्षभर घडतं ते. जानेवारीत नाताळच्या कंदिलांचे सांगाडे माळ्यावर कुणी टाकायचे यावरून भांडण होतं. ते मी छापत नाही. उपवासकाळात बायकांच्या घरोघरी प्रार्थना होतात. झावळ्यांच्या रविवारी ओढ्याकाठच्या शिंदीवर चढणारं आता कुणी उरलं नाही, म्हणून गेली दोन वर्षं आम्ही उसाचे हिरवे शेंडे हातात धरून होसान्ना म्हटलं, आणि घरी येऊन कापलेल्या तळहातांना हळद लावली. मे महिन्यात पुण्याची पोरं येतात, बाकं भरतात, देऊळ कसं चालवावं ते आम्हाला शिकवतात आणि जूनला परत जातात. पावसाळ्यात बादल्या कुठं कुठं ठेवल्या, दिवाळीनंतर पिकांचा सण कसा झाला, नाताळात गाणी म्हणत फिरायला किती जण निघाले. पाळकसाहेब कराडला राहतात आणि चार गावांच्या चार मंडळ्या सांभाळतात, त्यामुळं ते कधी येणार याची यादीही त्यातच असते. एवढंच आमचं जग, आणि दरवर्षी ते थोडं थोडं कमी होत चाललंय.

वार्तापत्राची शेवटची बाजू माणसांची. तिथं मी तीन सदरं पाडली होती. बाळ जन्मलं की ‘घरी आले’. लग्न झालं की ‘घर मांडले’. आणि माणूस वारलं की ‘घरी गेले’.

हे तिसरं सदर आता मी बंद केलंय. का, तेच सांगायला बसले आहे.

आपण इथं पाहुणे, खरं घर वर, अशी आमची श्रद्धा. पण श्रद्धा एक आणि बोलणं दुसरं. माणूस गेलं की आमचेही लोक गावासारखंच मेलं, वारलं, ऑफ झालं म्हणत. मला ते खुपायचं. मी वार्तापत्रातून ते सगळे शब्द हद्दपार केले. कुणी ‘दुःखद निधन’ लिहून आणलं की लाल शाईनं खोडून वर ‘घरी गेले’ लिहायची. पहिल्यांदा लोक हसले. मग हळूहळू मंडळी तशीच बोलू लागली. बाजारात कुणी म्हणालं, ‘थोरले काका घरी गेले,’ की ऐकणारा आमचा असेल तर तिथंच टोपी काढायचा. ही भाषा मी घडवली, असं मला वाटायचं. अभिमान होता मला त्याचा. आज लिहायला लाज वाटते, पण होता.

आमच्या देवळाला घंटा आहे. ती स्कॉटलंडहून आली असं जुने लोक सांगत. तिच्यावरची अक्षरं झिजलीत, त्यामुळं खरंखोटं कळायला मार्ग नाही. ती वाजवायच्या त्या मावशी. त्यांना नाव होतं, पण सगळं गाव त्यांना घंटेच्या मावशीच म्हणे. नवरा देवळाच्या आवाराचा राखणदार होता. तो गेल्यावर झाडू, माठ आणि घंटेची दोरी तिन्ही त्यांच्याकडं आली. काटकुळी बाई, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, दोरीला लटकली की दोरीच तिला वर उचलेल असं वाटायचं.

उपासनेची घंटा जलद, सणाची त्याहून जलद. मयताची वेगळी. माणूस जितक्या वर्षांचं, तितके टोल, आणि दोन टोलांच्या मध्ये पाच श्वासांचं अंतर. ही रीत आमच्याकडं कधीपासून आहे कुणास ठाऊक. पण गावालाही तिची सवय झालेली. मंडईतल्या बायका वांगी तोलता तोलता तोंडातल्या तोंडात मोजायच्या आणि शेवटी म्हणायच्या, “ऐंशी झालं गं. भरलं म्हातारं.” चाळिसाच्या आत घंटा थांबली की मंडईत कुणी काही बोलत नसे.

अडचण एवढीच की मावशींना विसाच्या पुढं मोजता येत नव्हतं. म्हणून कुणी गेलं की मी रजिस्टर काढायची, जन्मसाल बघायची आणि तेवढे चिंचोके मोजून त्यांच्या ओटीत घालायची. एक टोल, एक चिंचोका जमिनीवर. ओटी रिकामी झाली की झालं. एकदा माझ्याकडून एक जास्त मोजला गेला. त्यावरून मावशी वर्षभर मला टोचत होत्या, “बाई, त्या म्हाताऱ्याला तुमी मेल्यावर वरीस वाढवून दिलंसा. जित्तेपणी दिलं आसतं तर लय दुवा मिळाला आसता.” माझ्याशी अशी थट्टा करणारं मंडळीत दुसरं कुणी नव्हतं. बाकीचे मला घाबरत, आणि मी घाबरू देत होते.

मागच्या ईस्टरच्या, म्हणजे आमच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, आधी आम्ही दोघी पायरीवर बसून समया घासत होतो. मावशींनी मध्येच विचारलं, “माजं किती वो?”

“काय किती?”

“चिंचोकं.”

रजिस्टरात त्यांचा बाप्तिस्मा होता, जन्म नव्हता. मग आम्ही हिशेब मांडला. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी आठ वर्षं लग्न झालेलं, तेव्हा त्या कळत्या-सवरत्या होत्या. मी बोटं मोजून सांगितलं, “आज गेलात तर अठ्ठ्याहत्तर.”

“लय झालं. चार-सा कमी धरा. दोरी वडून तुमचं हात दुकतील.”

“मी खोटी घंटा वाजवणार नाही.”

त्या हसल्या नाहीत. समई खाली ठेवली. “पर वाजवाल न्हवं? तुमीच वाजवा. पाळकसायब चार गावं हिंडत्यात, तवा कुटं आसतील. पोरं पुन्याला. मी हितं समद्यांची वाजवली बाई, माज्या मालकाची बी वाजवली. माजी कोन वाजवनार, ह्येच मनात येतंया. आन मला हितंच आनून ठेवा, त्येंच्या शेजारी. कुटं बी आसले तरी आना.”

मी म्हटलं, “आणीन. आणि वाजवीन.”

एवढंच त्यांनी आयुष्यात माझ्याकडं मागितलं. छतातून गळणाऱ्या खोलीबद्दल नाही, मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांनी कधी न वाढवलेल्या मानधनाबद्दल नाही. आपली माती आपल्या माणसांत व्हावी आणि आपली घंटा वाजावी, एवढंच.

त्यांना एकच मुलगी. माझ्याच वर्गात होती. बाप गेला तेव्हा नऊ वर्षांची होती. वार्तापत्रासाठी वहीचं पान फाडून घेऊन आली. पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘माझे वडील मेले.’ मी तिच्यासमोर लाल पेन काढलं, शेवटचा शब्द खोडला आणि वर लिहिलं, घरी गेले. तिला तीनदा म्हणायला लावलं. ती म्हणाली. त्या वयात मूल काय म्हणणार? मला वाटलं, मी तिचं सांत्वन करते आहे.

पुढं हीच मुलगी विशीत पळून गेली. पळून म्हणजे काय, थंडीत पूर्वेकडून मेंढरं आमच्या रानांत बसायला येतात, त्या कळपाबरोबर आलेल्या एका पोराशी तिनं कोर्टात लग्न केलं आणि जतच्या पलीकडं राहायला गेली. लग्न देवळात झालं नाही म्हणून ‘घर मांडले’ मध्ये मी ते छापलं नाही. मंडळीच्या यादीतून तिचं नावही कमी केलं. नियम होता, पण नियम आनंदानं पाळण्याची काही गरज नव्हती, आणि मी तो आनंदानं पाळला. मावशी दोन महिने माझ्याशी फक्त चिंचोक्यांपुरतं बोलल्या.

तरी मुलगी वार्तापत्र वाचायची. आई एसटीच्या कंडक्टरबरोबर तिला पाठवायची. नंतर कुणीतरी तिला ग्रुपवर घेतलं. मी तिला काढलं नाही, एवढाच माझा मोठेपणा.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटाला मावशींना धाप लागायला लागली. घंटा वाजवून झाली की पायरीवर बसून राहायच्या. मुलगी आणि जावई जीप घेऊन आले आणि त्यांना मिरजेच्या दवाखान्यात नेलं. निघताना मावशींनी मला घंटेखाली उभं केलं. “हिसका देऊ नगा, वजन टाका. दोरी सोडून देयाची न्हाई, तिच्यासंगं वर जायाचं.” मी दोनदा करून दाखवलं. “व्हय, जमंल तुमास्नी,” म्हणाल्या आणि जीपमध्ये बसल्या. मी शाळेत शेरा देते तसा त्यांनी मला शेरा दिला, तेव्हा मला हसू आलं होतं.

दर रविवारी आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना केली. मुलगी अधूनमधून फोन करायची, मोजकं बोलायची. पिकांच्या सणाआधीच्या शुक्रवारी मात्र तिचा आवाज मोकळा होता. “बाई, आई जेवाय लागलीया. डाक्टर म्हनत्यात, दोन-तीन दिसांत घरी सोडू.” मी ते त्याच संध्याकाळी सगळ्यांना कळवलं.

पिकांचा सण म्हणजे आमचा वर्षातला सगळ्यात भरलेला दिवस. वेदीपाशी उसाची मोळी, शाळूची कणसं, ओली हळद, भोपळे, गुळाची ढेप. बाकाखाली पाय बांधलेल्या कोंबड्या, त्या प्रवचनाच्या ऐन मध्यावर बोलतात. पाचगणीच्या बाजूला रानं कसणारं एक घर स्ट्रॉबेरीचा पहिला खोका घेऊन येतं. उपासनेनंतर सगळ्याचा लिलाव, मग पंगत. त्या दिवशी पुण्याहून दोन घरं आलेली, पाळकसाहेबही आमच्याच वाट्याला आलेले. मी दारात टोपली घेऊन उभी होते. मोबाइलची टोपली. हा नियम माझा. एकदा प्रार्थनेच्या वेळी कुणाच्या तरी खिशात लावणी वाजली, तेव्हापासून सगळ्यांचे फोन बंद करून टोपलीत, टोपली आतल्या खोलीच्या कपाटात, आणि किल्ली माझ्या कमरेला.

माझा फोन टोपलीत टाकायच्या आधी मी एकदा बघितला. मुलीचा मेसेज होता, सुरुवातीला आमच्या मंडळीतला सलाम घातलेला.

‘सलाम बाई. आई आज पहाटे घरी गेली. मंडळीला कळवा. आम्ही वाट बघतो.’

मी वाचला आणि माझे डोळे भरून आले. आनंदानं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं सोडलं, असं मला वाटलं. दुसरं काही मनाला शिवलंच नाही. पहाटे कुठला दवाखाना माणसाला घरी सोडतो, हा साधा प्रश्न, पाचवीच्या मुलानं विचारला असता, मी विचारला नाही. मी लगेच उत्तर टाकलं, ‘हल्लेलूया! देवाचे आभार. मंडळी येईलच.’ पुढं जोडलेल्या हातांची चित्रं दोन. आणि फोन बंद करून टोपलीत ठेवला.

सूचनांच्या वेळी मी उभी राहून सांगितलं की आपल्या मावशी बऱ्या होऊन घरी गेल्या. ‘बऱ्या होऊन’ हे शब्द माझे, मेसेजमध्ये नव्हते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेबांनी उपकारस्तुतीची प्रार्थना केली. मग कुणीतरी म्हणालं, मावशींसाठी घंटा वाजवू या, आणि मीच उठले. सणाची घंटा वाजवली. वजन टाकून, दोरीबरोबर वर जात, पुनरुत्थानाच्या सकाळी वाजवतात त्याहून जलद. रविवारच्या बाजाराला निघालेले लोक कुंपणापाशी थांबून विचारत होते, कुणाचं लगीन हाय? मी घामाघूम झाले होते आणि हसत होते. लिलावात मी मावशींसाठी एक लालभोपळाही धरला. त्यांना भोपळ्याचे घारगे आवडायचे.

पंगत उठली, भांडी झाली, कपाट उघडलं तेव्हा साडेचार वाजून गेले होते. मी फोन सुरू केला. एकामागून एक सूचना येत राहिल्या. मुलीचे अकरा फोन. पहिला सकाळी दहाला.

त्याही वेळी मला वाटलं, मावशींना माझ्याशी बोलायचं असेल.

मी फोन लावला. तिनं उचलला. मागं कुठंतरी मेंढरं ओरडत होती. मी म्हटलं, “कशी आहे आई?”

ती म्हणाली, “बाई, आमी माती दिली.”

“कुणाला?”

आपण असं विचारलं, हे मी आता कुणाला सांगितलं की समोरचा माझ्याकडं दयेनं बघतो. दयेची गोष्ट नाही ती. मी विचारलं, कारण मला कळत होतं आणि ते दुसऱ्याच कुणाचं तरी असावं असं मला वाटत होतं.

“आईला,” ती म्हणाली. “तुमाला सकाळी लिवलं की मी. आई घरी गेली म्हनून. तुमी हल्लेलूया लिवलंसा. मला वाटलं, बाई खंबीर हायती, आशा येळंला बी देवाचं आभार मानत्यात. मंडळी येईलच म्हनला. आमी दवाखान्यातनं आमच्या घरी आनून तयार करून ठेवली तिला. पांढरं पातळ नेसवलं. गाडी येईल म्हनून रस्त्यावर मानूस उबा केला.”

मी म्हटलं, “मला वाटलं, दवाखान्यातून घरी…”

ती आवाज न चढवता म्हणाली, “तुमीच शिकवलंय न्हवं आसं लिवायला.”

मंडळी आपलं मयत आपण आणते, ही आमची रीत. कुणी कुठंही जावो, गाडी इथून जाते आणि खड्डा इथं तयार असतो. मुलगी त्या रीतीवर विसंबून राहिली होती. दहा वाजता नवऱ्यानं म्हटलं, आपणच टेम्पो करून नेऊ. ती म्हणाली, बाई निघाल्या असतील, वाटेत चुकामूक व्हायची. मग फोन लावत राहिली. बंद फोन तिला सांगत राहिला की समोरचा संपर्काबाहेर आहे. दुपारी ऊन चढलं. एक वाजता घरातली म्हातारी माणसं म्हणाली, आता ठेवता यायचं नाही, आणि एवढ्या लांब पोचेपर्यंत दिवस बुडेल, तिथं खड्डाही नसला तर काय करायचं? तेव्हा त्यांनी रानाच्या बांधाला माती दिली. सहा माणसं होती. प्रार्थना मुलीनंच केली, तिला येत होती तेवढी.

त्या वेळी आम्ही लिलावात भोपळ्याची बोली लावत होतो.

मी देवळाच्या पायरीवर बसून राहिले. पाळकसाहेब आले, त्यांना सांगितलं. ते चांगले गृहस्थ आहेत. म्हणाले, “बाई, चूक झाली. देव मन बघतो.” मी म्हटलं, माझं मनच तर बघू नये त्यानं. मला राग आला होता, त्यांचा नाही, माझ्या त्या नीटनेटक्या शब्दाचा. ‘आई मेली’ एवढं तिनं लिहिलं असतं तर आम्ही सगळे पंगत टाकून निघालो असतो. मृत्यूला मृत्यू म्हणायची चोरी मीच केली, एका नऊ वर्षांच्या पोरीच्या वहीवर, आणि ती चोरी माझ्यापर्यंत अशी परत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं भाड्याच्या जीपनं निघालो. पाळकसाहेब, त्यांच्या बाई, एक पंच आणि मी. कराड गेलं, मिरज गेली, द्राक्षांचे मांडव संपले, मग नुसता माळ आणि बाभळी. पंचांनी एकदाच विचारलं, “बाई, डबा खाणार का?” मी नको म्हटलं.

घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, बाजूला मेंढरांचा वाडा, पलीकडं डाळिंबाची नवीन लागण. जावयानं पाणी दिलं. त्याची आई, मुलीची सासू, मुलगी तिला आत्या म्हणते, ती बाहेर आली, कपाळावर मोठं कुंकू, हातभर चांदीच्या पाटल्या, बोलण्यात मधूनच कानडी. तिनं आम्हाला घोंगडं अंथरून बसवलं आणि चहा ठेवला. मला वाटत होतं, कुणीतरी मला चार शब्द सुनवावेत. कुणी सुनवले नाहीत. चहात साखर जास्त होती, पाहुण्याला घालतात तशी.

मुलगी आम्हाला बांधावर घेऊन गेली. मातीचा उंचवटा, वर दगड रचलेले, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून बाभळीच्या फांद्या. डोक्याकडं जावयानं दोन काठ्या आडव्या-उभ्या सुतळीनं बांधून रोवल्या होत्या. पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं.

प्रार्थना झाल्यावर सासू माझ्याकडं वळली. “तुमीच व्हय त्या बाई? ईनबाई लय नाव काडायच्या तुमचं. आजारात बी सांगायच्या, आमच्यात मानूस मेलं की घंटा वाजतीया, वय आसंल तेवडी. आता हितं कुटली घंटा? मग आमच्या थोरल्या एडक्याच्या गळ्यातली काडली. पर वय किती धरायचं? ह्या पोरीला ठावं न्हाई. ती म्हनली, बाईस्नी ठावं हाय, आन तुमचा फोन लागंना. मग मी म्हनलं, माती सरंस्तवर वाजवू. पैल्या पाटीपास्नं शेवटच्या पाटीपतुर वाजवली मी. हात भरून आला, पर थांबले न्हाई.”

देवाला आमच्यासारखं न मानणारी, आमच्या यादीत कधीच नसणारी ही बाई. तिनं एडक्याची घंटी हातात धरून मावशींना पोचवलं. ज्यांच्या मुलीचं लग्न मी वार्तापत्रात छापलं नाही, त्यांच्या घरात मावशींची माती झाली. मला त्या बाईचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत. पाळकसाहेब बघत होते म्हणून नाही. तेवढा माझा हक्क नाही असं वाटलं म्हणून.

निघायच्या वेळी मी मुलीला बाजूला घेतलं. म्हटलं, “काल मी चुकून आनंदाची घंटा वाजवली. पण मी तिला शब्द दिला होता. आज गावी पोचले की वाजवते. अठ्ठ्याहत्तर. जशी वाजवायची तशी, सावकाश. तुला फोनवर ऐकवते.”

ती खाली बघत होती. पायाच्या अंगठ्यानं एक ढेकूळ फोडलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ते मला जास्त लागलं.

“नगं बाई,” ती म्हणाली. “आनंदाची तुमी वाजवलीसा, मातीची आत्यानं. बास झालं.”

एवढं बोलून ती मेंढरांना पाणी पाजायला गेली. जीप सुरू झाली होती, पाळकसाहेबांच्या बाई आतून मला हाक मारत होत्या.